बाष्पनशील तेले आणि प्रतिजैविकरोधी आंत्रजीवाणू (मावळ)

वनस्पतींची पाने, बिया किंवा साल यांतून वाफेच्या साहाय्याने काढलेली सुगंधी तेले. ई. कोलाय, क्लेब्सिएला, साल्मोनेला हे आतड्यातील जीवाणू औषधांना दाद देईनासे झाल्यापासून या तेलांची नव्याने तपासणी सुरू आहे.

मावळच्या वेशीवर, पिंपरीत, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पेनिसिलिनसाठी स्थापन झाला. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, फादर सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तुळशीच्या कुळातली अनेक सुगंधी झुडपे या घाटमाथ्यावर आढळतात. पण आंत्रजीवाणूंवर खरा जोर दिसतो तो परसातल्या पानओव्याचा आणि वाण्याकडच्या ओव्याचा. ओव्यात दोन ते चार टक्के तेल असते व त्याचा मुख्य घटक थायमॉल, म्हणजेच ओव्याचे फूल. त्यात कापूर आणि पुदिन्याचे फूल मिसळले की अमृतधारा होते. पानओव्यातला कार्व्हॅक्रॉल थायमॉलचाच सख्खा भाऊ.

थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल हे दोन्ही फिनॉल जीवाणूच्या पेशीपटलात शिरतात. पटल झिरपू लागते, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशीची ऊर्जा संपते. हल्ला एकाच प्रथिनावर नसल्याने प्रतिकार उभा राहणे जड जाते, अशक्य मात्र नव्हे. स्यूडोमोनास हा जीवाणू त्यांना बऱ्यापैकी पुरून उरतो. खरी अडचण मात्रेची आहे. संवेदनशील जीवाणूला प्रतिजैविक मिलिलिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम अनेकदा पुरते, थायमॉल मात्र शेकडो मायक्रोग्रॅम लागते. शिवाय गिळलेले थायमॉल जठर व लहान आतड्यातच शोषले जाते, मोठ्या आतड्यापर्यंत फारसे पोहोचत नाही. काचेच्या बशीतले यश पोटात टिकत नाही ते यामुळेच. एकट्याने औषध होण्यापेक्षा प्रतिजैविकाला जोड देणे, हेच या तेलांचे अधिक पटणारे काम.

कोंबड्यांच्या खाद्यात त्यांना अधिक वाव आहे. मावळात भाताच्या जोडीला कंत्राटी कुक्कुटपालन चालते, म्हणून हा मुद्दा इथे दूरचा नाही. माणसांसाठी अखेरचे प्रतिजैविक म्हणून राखलेले कोलिस्टिन खाद्यात वापरले जात असे. त्याला निष्प्रभ करणारे, एका जीवाणूतून दुसऱ्यात जाणारे एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदले गेले, आणि जुलै २०१९ मध्ये भारताने पशुखाद्यातील कोलिस्टिनवर बंदी घातली. थायमॉल व कार्व्हॅक्रॉल स्निग्ध आवरणात गुंडाळून खाद्यात मिसळतात, म्हणजे ते आतड्यात पुढे जाऊन मोकळे होतात.

घरगुती वापरात ओव्याचा दाणा चघळणे आणि तेल पिणे यांत मोठे अंतर आहे. नीलगिरीचे तेल तर लहान मुलाने काही मिलिलिटर गिळले तरी झटके येऊ शकतात.