दौऱ्याला जोडलेले दिवस

‘दौरा’ हा शब्द आपल्या कारभाराच्या भाषेत इतका रुळला आहे की त्यातील फिरणे आता कोणाला जाणवत नाही. इंग्रजी अमदानीत मात्र हिवाळा लागला की जिल्ह्याचा अधिकारी खरोखरच तंबू घेऊन निघे, गावोगाव मुक्काम करी, सारा, शिव आणि वाटण्यांचे तंटे जागेवर बसून तोडी. मैदानी मुलखात काम संपले की परतायचे, एवढाच क्रम असे. पहाडात तसे होत नसे. आभाळ निवळलेले, समोर हिमशिखरांची रांग. मग हातातल्या कामाला आणखी चार दिवस चिकटत. ते दिवस कामाचे की हौसेचे, हे जाणाराही बहुधा नीट सांगू शकला नसता. ते कोणाच्या पाठीवरून पार पडत, याचा हिशेब मात्र एका प्रदेशात उघडपणे मागितला गेला. तो प्रदेश कुमाऊँ.

गुरख्यांशी झालेल्या युद्धात १८१५ साली कुमाऊँ कंपनी सरकारच्या ताब्यात आले. पुढे १८३५ पर्यंत तेथील कारभार मुख्यतः जॉर्ज विल्यम ट्रेल या कमिशनराच्या हाती होता. पिंडारी हिमनदीच्या माथ्यावरून जोहार खोऱ्यात उतरणारी जी अत्यंत अवघड खिंड आहे, तिला त्याचेच नाव आहे. दानपूर आणि जोहार यांच्यामधली वाट मोकळी व्हावी, हा हेतू प्रशासकाला शोभणारा होता. पण अशी खिंड केवळ कर्तव्य म्हणून कोणी चढत नाही, असे मला वाटते. नंदादेवीच्या कोपाने बर्फात त्याचे डोळे गेले आणि अल्मोड्याच्या देवळात देवीला नैवेद्य वाहिल्यावर दृष्टी परत आली, अशी कथा त्या भागात अजून सांगतात. लोकस्मृतीने साहेबाच्या हौसेला दंड ठोठावला आणि मग तो माफही केला.

नैनितालची जन्मकथा इतकी सौम्य नाही. शाहजहानपूरकडचा साखरेचा व्यापारी बॅरन १८४१ मध्ये भटकत या तळ्याकाठी आला आणि जागेच्या मोहात पडला. तळे आणि भोवतीचे डोंगर यांवर नरसिंह नावाच्या थोकदाराचा हक्क होता. बॅरनने त्याला होडीत बसवून तळ्याच्या मध्यभागी नेले आणि हक्क सोडतोस की बुडवू, असा पेच घालून वहीत सही घेतली. ही हकीकत बॅरनने स्वतःच, टोपणनावाने का होईना, चेष्टेच्या सुरात छापली आहे. १८६२ मध्ये वायव्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यासाठी नैनितालला जाऊ लागले. एकाची भटकंती वीस वर्षांत सरकारी राजधानी झाली. आता दौऱ्याला हौसेचे दिवस जोडण्याची गरजच उरली नाही, कचेरीच तेथे येऊन बसली.

या सगळ्या प्रवासांना लागणारी माणसे कोठून येत? त्यासाठी कुमाऊँत तीन शब्द होते : कुली उतार, कुली बेगार आणि कुली बर्दायश. उतारात सक्तीने ओझे वाहायचे, पण काही तुटपुंजी मजुरी मिळे. बेगारीत तीही नसे. बर्दायश म्हणजे मुक्कामावर आलेल्याला दूध, लाकूड, गवत, धान्य पुरवणे. कोणत्या घराची पाळी केव्हा, याची वही गावच्या प्रधानाकडे असे. ही प्रथा इंग्रजांनी नव्याने निर्माण केली असे नाही. चंद राजांच्या आणि गुरख्यांच्या काळीही ती होती. ट्रेलने ओझ्यासाठी खेचरे ठेवण्याचा प्रयत्न केला होता, तो टिकला नाही. पुढे अधिकारी वाढले, त्यांच्यामागे शिकारी आणि सहल करणारे आले, आणि वहीतली पाळी वारंवार येऊ लागली.

पिंडारीची वाट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बागेश्वरहून शरयूच्या काठाने कपकोटपर्यंत, मग लोहारखेत, ढाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया. या प्रत्येक मुक्कामावर बांधकाम खात्याचा डाकबंगला उभा राहिला. अल्मोड्याहून कामासाठी निघालेल्याला पुढे चार मुक्काम गाठून हिमनदी पाहून येणे त्यामुळे सोपे झाले. सोपे म्हणजे चालणाऱ्याला. तंबू, खुर्च्या, भांडीकुंडी, पेट्या घेऊन ढाकुरीचा चढ चढणारा माणूस एरवी या दिवसांत आपल्या शेतावर किंवा गुरांमागे असता.

१९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वर येथे, शरयू आणि गोमती यांच्या संगमावर, उत्तरायणीची जत्रा भरली होती. ‘शक्ति’ साप्ताहिकाशी संबंधित असलेले बदरीदत्त पांडे, हरगोविंद पंत, चिरंजीलाल ही मंडळी तेथे होती. जिल्ह्याचा इंग्रज अधिकारीही पोलिसांसह हजर होता. यापुढे बेगार करणार नाही, अशी शपथ शरयूचे पाणी हाती घेऊन लोकांनी घेतली आणि प्रधानांनी आणलेल्या वह्या नदीत सोडल्या. गोळीबार झाला नाही. प्रथा मोडली.

इतिहास लिहिणाऱ्याला या प्रसंगी एक विलक्षण अडचण भेटते. साहेबांची प्रवासवर्णने ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. त्यांत खिंडीची उंची आहे, मारलेल्या जनावरांची संख्या आहे, हवेचे वर्णन आहे. ओझेवाल्यांना त्यांत बहुधा नाव नसते, ते सारे ‘कुली’. नावानिशी, घराघराच्या पाळीसह त्यांची नोंद असे ती त्या वह्यांत, आणि वह्या शरयूत गेल्या. ज्यांची नावे त्यांत होती त्यांच्याच आग्रहाने गेल्या. कागद वाचला असता तर आम्हा अभ्यासकांचे भले झाले असते. त्यांचे झाले नसते.

या घटनेनंतर आठ वर्षांनी, जून १९२९ मध्ये, महात्मा गांधी कुमाऊँत आले. त्यांचाही दौराच होता : सभा, खादी, निधी. आंध्रातील थकवणाऱ्या प्रवासानंतरचा हा दौरा. पहाडात प्रकृतीला आराम मिळेल ही अपेक्षा त्यात होतीच. पण आरामाची सुरुवात बरी झाली नाही. अल्मोड्यात त्यांच्या मोटारीखाली सापडून दर्शनाला आलेला एक खेडूत दगावला. हे दुःख मनात घेऊनच ते कौसानीला पोहोचले. तेथे चहाच्या मळ्यातील बंगल्यात उतरले, आणि समोर त्रिशूल व नंदादेवी असलेला तो मुक्काम ठरल्याहून लांबला. मधल्या काळात ते बागेश्वरला जाऊन आले. जेथे वह्या बुडाल्या त्या गावी त्यांनी स्वराज्य भवनाची कोनशिला बसवली. आपले लोक प्रकृतिस्वास्थ्यासाठी युरोपात का जातात, याचे आश्चर्य त्यांनी पुढे ‘यंग इंडिया’त व्यक्त केले आहे.

कौसानीत त्यांनी केलेले काम म्हणजे गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादाची, ‘अनासक्तियोगा’ची प्रस्तावना. तिच्याखाली कौसानी आणि २४ जून १९२९ अशी नोंद आहे. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, हा तिचा गाभा. विश्रांतीच्या दिवसांत बसून कर्माविषयी लिहावे, यात कोणाला विसंगती दिसेल. मला त्यात ट्रेलच्या खिंडीचेच दुसरे टोक दिसते. दोघांनाही काम आणि सुटी वेगळी काढता आली नाही. फरक वाटेवर होता. १९२९ मध्ये कौसानीच्या चढावर कोणाला ओझे उचलायला लावण्यासाठी प्रधानाकडे वही नव्हती. येणारा मजुरी विचारून येऊ शकत होता, आणि नको असेल तर घरी राहू शकत होता.

पुस्तक १२ मार्च १९३० रोजी प्रसिद्ध झाले. त्याच सकाळी साबरमतीहून दांडीची पायी यात्रा निघाली.