पिन-बुश

जुना जेसीबी बघायला गेलं की आधी बकेट वर उचलून इंजिन बंद करायचं. चहा होईपर्यंत बकेट खाली आली, तर सिलिंडरचे सील गेले. मग मशीन जॅकवर उचलून मागचा बूम दोन्ही हातांनी हलवायचा. किंग पोस्टचा पिन खडखडला, तर त्याचे पैसे भावातून कापायचे. २००६ साली घाटकोपरला २००१ चं मॉडेल घेताना एका फिटरकाकांनी मला हे शिकवलं.

आदल्या वर्षीच्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यानंतर नाल्यांच्या गाळाची कामं निघाली आणि मी हिंमत केली. माझे वडील पहार-घमेल्यावर राबलेले. त्यांच्या टोळीला चर खणायला आठवडा लागायचा. तेवढा चर जेसीबीने एका दिवसात खणलेला पाहिला, त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेलं यंत्र जेसीबीने ब्रिटनमध्ये १९५३ साली बनवलं. आपल्याकडे ते १९७९ पासून, एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत, हरियाणातल्या बल्लभगडहून आलं. म्हणजे वडिलांचं निम्मं आयुष्य त्याच्या आधीच खणण्यात गेलं होतं.

माझ्या मशीनचं इंजिन मात्र पुण्याच्या किर्लोस्करचं. तेच जनरेटरलाही लागतं, त्यामुळे पिस्टन, लायनर कधी अडले नाहीत. अडायचं ते मागच्या हाताचं. ऑइल सीलसाठी नागदेवीला जायचं आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी हे तीन आकडे सांगायचे. होजचा जुना तुकडा पिशवीत न्यायचा. पिन-बुशसाठी साकीनाका.

तिथल्या गाळ्यातले लेथवाले चाचा झिजलेला बुश बोटावर फिरवायचे, जिथे कमी झालाय तिथे नख टेकवायचे आणि मगच व्हर्नियर उचलायचे. बूमचं भोक लांबट झालं असेल तर ते वेल्डिंगने भरून पुन्हा बोअर करायचे. नवा पिन हाताने अर्धा आत जायचा, उरलेला लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने. कंपनीच्या पेटीतला पिनही इतका नेमका बसलेला मी पाहिलेला नाही.

मेट्रोचे खांब उभे राहिले, २०१४ ला गाडी सुरू झाली, भाडी वाढली. चाचांनी लेथ वसईला हलवला. गेल्या महिन्यात मागच्या हातातल्या डिपरचा पिन गोणपाटात गुंडाळून दादरला गाडी बदलली आणि त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी नखच टेकवलं.