द्राक्षबागेचा वसंत कात्रीने येतो

वसंताआधी बाग तयार करायची, ही रीत मूळ थंड मुलखातली. तिकडे हिवाळ्यात द्राक्षवेल पानं गाळून झोपी जाते, माळी तिची छाटणी करतो आणि ऊन वाढलं की फूट येते. आपल्या नाशिकला मात्र वेल झोपतच नाही. मग तिला वसंत दाखवायचा कसा?

गोष्ट जुनी आहे. १३४२ मध्ये दिल्लीहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने नोंदवून ठेवलं. म्हणजे दख्खनच्या उबेत वेल दोनदा फुटते, हे तेव्हाही दिसत होतं.

पुढे मुघलांच्या काळात नाशिक 'गुलशनाबाद' झालं. गुलशन म्हणजे बाग. पण आजच्या व्यापारी द्राक्षशेतीची सुरुवात बरीच अलीकडची. १९२५ च्या सुमारास निफाड तालुक्यातल्या ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्ष लावली, आणि या शेतीचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९६० मध्ये बागाईतदारांचा राज्यव्यापी संघही उभा राहिला.

या शेतीचं सूत्र एका वाक्यात सांगतो: छाटणी दोनदा, पीक एकदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी. ओलांड्यावर एक-दोन डोळे ठेवून बाकी काडी कापायची. यातून फळ घ्यायचं नसतं, नवी काडी घ्यायची असते. ऑक्टोबरमध्ये ती पिकलेली काडी काही डोळे राखून पुन्हा छाटायची. ही गोडी छाटणी. इथे थंडी पुरेशी नसते, म्हणून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावून जागं करतात. शेतकरी याला 'पेस्टिंग' म्हणतात. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये घड तयार!

लोकांना कौतुक ऑक्टोबरचं. धास्तीही त्याचीच, कारण फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी पसरते. नोव्हेंबर २००९ मधलं फयान वादळ अनेक बागाईतदार अजून विसरलेले नाहीत.

पण खरा निकाल एप्रिलमध्येच लागतो. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढचा घड घडतो, आणि त्याला भरपूर ऊन लागतं. छाटणी लांबली तर हा काळ जूनच्या ढगाळ आभाळात सापडतो आणि घड कमी निघतात. पंचाईत अशी की एप्रिल-मे म्हणजे विहिरीनं तळ गाठलेला काळ. नवी फूट पाणी मागते आणि तेव्हाच पाणी नसतं. या टंचाईतूनच डॉगरिज या अमेरिकन खुंटावर कलम करायची पद्धत आपल्याकडे रुजली. त्याची मुळं कोरड आणि खारं पाणी जास्त सोसतात.

म्हणजे ऑक्टोबरची फवारणी कितीही चोख करा, डोळ्यात घडच नसेल तर काढणार काय? इब्न बतूताने पाहिलेल्या दोन बहारांपैकी एक आपल्या शेतकऱ्याने मुद्दाम सोडला, तो दुसऱ्यासाठी. यात कष्टाइतकाच हिशेबही आहे.

तेव्हा येत्या एप्रिलमध्ये निफाड-दिंडोरीकडे गेलात आणि मांडवावर नुसते उघडे ओलांडे दिसले, तर बाग वाळली असं समजू नका. वसंताची तयारी चालू आहे. भेटू पुढच्या भागात!