आईचे दुःख आणि खासगीचा खर्च



आपल्या जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. चौंडीच्या या लेकीची प्रतिमा आपल्या मनात ठरलेली आहे: पांढरी साडी, हातात शिवलिंग. आज त्यांच्याकडे आई म्हणून पाहू. कुठेही युद्धाची बातमी आली की स्थानकात सामायिकानंतर आपण शांतीची प्रार्थना करतो, आणि कुणीतरी हळूच विचारतेच, "आपल्या प्रार्थनेने लढाई थांबते का हो?"

अहिल्याबाईंचा काळ लढायांचाच होता. त्याची खूण आपल्या काष्टीजवळ आहे. श्रीगोंदा म्हणजे शिंद्यांच्या वाड्याचे गाव. या एका घरातले जयाप्पा 1755 मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी जानेवारी 1760 मध्ये बुराडी घाटावर पडले. पुढच्याच वर्षी पानिपताने तुकोजी आणि कोवळा जनकोजी नेला. महादजी तेवढे पायाने अधू होऊन परतले. सरदाराच्या घरची ही गत, तर त्यांच्यामागे गेलेल्या साध्या शिपायांच्या आयांचे काय झाले असेल?

अहिल्याबाईंचे दुःख मात्र नोंदले गेले. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सासरे मल्हारराव पेटून उठले. कुंभेरीची माती यमुनेत टाकीन, अशी शपथ त्यांनी घेतल्याचे सांगतात. शेवटी तह झाला. कुंभेरी जागेवर राहिली, मुलगा काही परत आला नाही. 1766 मध्ये मल्हारराव वारले, 1767 मध्ये एकुलता मुलगा मालेराव. पुढे तरुण नातू गेला, पाठोपाठ जावई यशवंतराव फणसे. 1791 मध्ये लेक मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने परोपरीने विनवले, ती ऐकेना. माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की चितेजवळ अहिल्याबाईंना दोघांनी धरून ठेवावे लागले, आणि नंतर तीन दिवस त्यांनी फारसे अन्न घेतले नाही.

मी कॉमर्सची, त्यामुळे माझे लक्ष त्यांच्या हिशेबाकडे जाते. दौलतीचा खजिना वेगळा आणि स्वतःची खासगी वेगळी. फौज आणि कारभार दौलतीतून, दानधर्म खासगीतून. काशी विश्वनाथ, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, कितीतरी घाट, विहिरी, धर्मशाळा. यांतले बरेचसे होळकरांच्या मुलखाबाहेर! विहिरीवर पाणी पिणारा शत्रूच्या मुलखातला की आपल्या, हे कोण विचारणार?

त्या काही अहिंसाव्रती नव्हत्या. रामपुऱ्याच्या चंद्रावतांचे बंड त्यांनी फौज पाठवून मोडले. वाटा लुटणाऱ्या भिल्लांपैकी हट्टी म्होरक्यांना कडक शिक्षाही केल्या. पण तिथेच थांबल्या नाहीत. डोंगरातून जाणाऱ्या मालावरचा भिल्लांचा जुना हक्क, भिलकवडी, त्यांनी मान्य केला. पडीक जमिनी कसायला दिल्या. बदल्यात ज्याच्या हद्दीत चोरी होईल त्या नाईकाने जबाबदारी घ्यायची. ज्याच्या पोटाची सोय झाली, तोच वाटेचा राखणदार झाला.

आपल्या काळातले एक उदाहरण सांगते. आफ्रिकेतल्या लायबेरियात 1989 पासून यादवी चालली होती. 2003 मध्ये लेमा बोवी यांच्यासोबत ख्रिस्ती आणि मुसलमान बाया पांढरे कपडे घालून राजधानीतल्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात बसू लागल्या. ऊन असो, पाऊस असो, रोज प्रार्थना. पुढे घानात तहाची बोलणी रेंगाळली, तेव्हा त्यांतल्या काही जणींनी सभागृहाची दारे अडवली. करार झाल्याशिवाय पुरुषांना बाहेर सोडणार नाही म्हणाल्या. ऑगस्ट 2003 मध्ये करार झाला. लेमाबाईंना 2011 चे शांततेचे नोबेल मिळाले.

म्हणून त्या प्रश्नाला माझे उत्तर असे: नुसती प्रार्थना करून घरी गेलो, तर लढाई थांबत नाही. पण प्रार्थनेने मनातले वैर उतरते, आणि वैर उतरलेल्या हातालाच विहीर खणणे, तह घडवणे सुचते. खंडेराव ज्या उत्तरेत पडले, त्याच उत्तरेत अहिल्याबाईंनी यात्रेकरूंसाठी घाट बांधले.

तेव्हा शांतीची प्रार्थना जरूर करू या. सोबत आपल्या खासगीतूनही थोडे काढू या. काष्टीच्या जनावरांच्या बाजाराला लांबून माणसे येतात. उन्हाळ्यात तिथे माणसांसाठी पाणपोई आणि मुक्या जिवांसाठी एक हौद भरून ठेवला, तर तोही त्याच प्रार्थनेचा भाग होईल.

कळत-नकळत कुणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.