हौदाला जाळी

कॉम्प्युटर पाण्याने थंड करणाऱ्या हौशी मंडळींना विचारा, की पाण्याच्या टाकीतच गाळणी बसवायची कल्पना आली कुठून? बहुतेक जण फिश टँककडे बोट दाखवतील. मला हे पटत नाही. या टाकीचं कूळ कारखान्यातलं आहे असं माझं मत आहे, आणि तिचा एक दूरचा पूर्वज पुण्यात मंडईच्या आसपासच्या पेठांत जमिनीखाली होता.

आधी यंत्रणा दोन ओळींत सांगतो. प्रोसेसरवर तांब्याचा ब्लॉक बसवतात. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक फटी असतात. पंप त्यांतून पाणी ढकलतो, तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये निवतं आणि टाकीमार्गे पुन्हा पंपाकडे येतं. या फेऱ्यालाच लूप म्हणतात. मिनिटाला एक लिटर पाणी फिरलं आणि एका अंशाने तापलं, तर सुमारे 70 वॅट उष्णता वाहून नेतं. 1960च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत पाणी फिरू लागलं. पुण्यात पाषाणला आयसरमध्ये 2019 साली आलेला ‘परम ब्रह्म’ही असाच, चिपला टेकवलेल्या पट्टीतून द्रव फिरवून थंड होतो. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

घरगुती प्रकार 2000 सालच्या आसपास फोफावला तो उसनवारीवर. पंप फिश टँकचे, बहुधा जर्मन ‘एहाइम’ कंपनीचे. रेडिएटर म्हणून जुन्या मोटारींचे हीटर. पुढे गरम पाणी फिरवणारे ‘लाइंग’चे पंप आले. सगळंच असं मागून आणलेलं, तर गाळणीही फिश टँकवाल्यांचीच असणार, हा तर्क वरवर सरळ दिसतो. एहाइमने 1960च्या दशकातच डब्याच्या आकाराचा फिल्टर काढला होता, त्यामुळे या पक्षाकडे पुरावाही आहे.

पण तो डबा उघडून पाहा. त्यात स्पंज आहे, चिनी मातीचे तुकडे आहेत, आणि त्यांवर जिवाणू वाढावेत अशीच सोय आहे, कारण माशांची घाण पचवायचं काम तेच करतात. कॉम्प्युटरच्या पाण्यात नेमके तेच नको असतात. शिवाय डबा टाकीच्या बाहेर असतो. साठवण वेगळी, गाळण वेगळी. पंप या घराण्यातून आला हे कबूल; गाळणी असलेली टाकी नाही.

आता पुण्यातल्या त्या दूरच्या पूर्वजासाठी कात्रजकडे वळू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास, कात्रजच्या तलावातलं पाणी बांधीव भुयारी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. आठ-दहा किलोमीटरची वाट, आणि सगळा कारभार उतारावर. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. हे बुरूजवजा मनोरे कोंडलेली हवा बाहेर सोडतात. गाळ बसायला जागा ठेवल्या आणि शहरात आल्यावर पाणी हौदांत सोडलं. काळा हौद, नाना हौद, सदाशिव पेठेचा हौद ही नावं पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत.

मला चमकवलं ते उच्छ्वासाने. कॉम्प्युटरच्या टाकीचं पहिलं काम पाणी साठवणं नव्हेच, लूपमधली हवा बाहेर काढणं हे आहे. दहा मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला चार लिटर पाणी जातं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे 85 सेंटीमीटर असतो. तेच पाणी साठ मिलिमीटर रुंद टाकीत उतरलं की वेग अडीच सेंटीमीटरच्या आत येतो. अर्ध्या मिलिमीटरचा बुडबुडा याहून जलद वर चढतो, म्हणून तो सुटतो. वाट रुंद करा, पाणी रेंगाळेल आणि नको ते वेगळं होईल. हौदाचंही तत्त्व हेच.

इथे माझ्याच पक्षावर उलटणारा हिशेब मांडायला हवा. दगडाचा 50 मायक्रॉनचा कण संथ पाण्यात सेकंदाला दोनेक मिलिमीटर खाली जातो. दोन मीटर खोल हौदात त्याला तळ गाठायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि हौदातलं पाणी तर रात्रभर स्वस्थ पडून असतं. कॉम्प्युटरची पाव लिटरची टाकी चार सेकंदांत रिकामी होऊन पुन्हा भरते. तेवढ्यात तो कण सेंटीमीटरभरही उतरत नाही. म्हणजे हवा काढायला हौदाची युक्ती पुरते, गाळ काढायला पुरत नाही. तिथे जाळीच लागते.

जाळीचं घराणं वेगळं. हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी भरायची आपल्याकडे जुनी रीत आहे. नारूच्या निर्मूलनात हेच फडकं कामी आलं, कारण नारूचे जंतू पोटात बाळगणारा पाण्यातला सूक्ष्म जीव कापडात अडकतो. बांगलादेशातल्या खेड्यांत घडी घातलेल्या साडीने पाणी गाळल्यावर पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचं 2003 साली प्रसिद्ध झालं. फडकं साठवणीच्या तोंडाशीच असतं, आत जाणाऱ्या पाण्यावर.

हौद आणि हंडा, म्हणजे संथ करणं आणि गाळणं, ही दोन्ही अंगं एकाच पेटीत नांदताना पाहायची असतील तर पुण्याजवळच्या भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा. लेथखालच्या कुलंट टाकीत आडव्या पट्ट्या घालून कप्पे केलेले असतात. एका कप्प्यात कीस बसतो, वरचं निवळ पाणी पट्टीवरून पुढच्या कप्प्यात सांडतं आणि पंप तिथून ते उचलतो. हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या तेलाच्या टाकीवर तर परतीच्या नळीलाच फिल्टर बसवलेला असतो. कॉम्प्युटरवाल्यांच्या गाळणीच्या टाकीचा हा सख्खा बाप. या छंदात फिटर, टर्नर आणि मशीनवाले पहिल्यापासून आहेत. त्यांनी रोज हाताळलेली टाकी लहान करून घरी नेली, असं मी छातीठोकपणे म्हणतो. आकार आणि जोडणी इतकी जुळते की योगायोग म्हणणं जड जातं.

हे कूळ मान्य केलं तर एक नेहमीचा वादही मिटतो: जाळी पंपाच्या आधी लावायची की टाकीत पाणी परत येतं तिथे? फिश टँकच्या सवयीने अनेक जण पंपाच्या तोंडालाच स्पंज लावतात. तो भरला की पंप उपाशी राहतो, हवा ओढतो आणि खडखडतो. परतीच्या तोंडाशी जाळी भरली तर पाणी तिच्या काठावरून टाकीत सांडेल एवढी फट ठेवता येते. गाळण थांबेल, पण पाण्याचं फिरणं थांबणार नाही.

तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सामान आणून स्वतः लूप जोडणार असाल, तर स्टीलची 50 ते 100 मायक्रॉनची जाळी घ्या. स्पंज नको, त्याचे धागे सुटतात आणि ब्लॉकच्या फटींत अडकतात. जाळी परतीच्या नळीखाली, पाण्याच्या पातळीच्या थोडी वर काठ येईल अशी बसवा. नव्या रेडिएटरमधून डाख लावतानाचा फ्लक्स सुटतो, म्हणून पहिल्या आठवड्यात ती काढून धुवाच. आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर घेऊ नका. या जोडीत ॲल्युमिनियम गंजतं, आणि त्या गंजाला कुठलीच जाळी पुरी पडत नाही.