एकात्मिक ध्वनिसंदेश प्रणाली
दूरध्वनीवर एखाद्याच्या अनुपस्थितीत ठेवलेले तोंडी निरोप अंकीय स्वरूपात साठवून ते कार्यालयीन ई-मेलच्या पत्रांबरोबर एकाच संदेशपेटीत उपलब्ध करून देणाऱ्या व्यवस्थेस एकात्मिक ध्वनिसंदेश प्रणाली म्हणतात. तीत निरोप दूरध्वनीवरून ऐकता येतो, तसाच संगणकाच्या पडद्यावरील यादीतूनही निवडता येतो. संदेश कोठे राहावा व त्याच्या जतनाची जबाबदारी कोणी घ्यावी, हा तिच्या आखणीतील मूळ प्रश्न होय.

पूर्वेतिहास : डॅनिश अभियंते व्हाल्डेमार पोल्सन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने ध्वनिमुद्रण करणाऱ्या ‘टेलिग्राफोन’ या यंत्राचे एकस्व मिळविले. दूरध्वनीवरील निरोप नोंदवून ठेवणे हा त्याचा एक अभिप्रेत उपयोग होता. १९७३ मध्ये आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेत ध्वनिसंदेश संगणकात साठविण्यासंबंधीचे काम सुरू झाले. तेथील संशोधकांनी १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिक सामन्यांसाठी उभारलेल्या संदेश प्रणालीत १२ भाषांची सोय होती व ती ४०,००० हून अधिक वेळा वापरली गेली. दरम्यान अमेरिकेतील गॉर्डन मॅथ्यूझ यांनी १९७९ मध्ये ध्वनिसंदेश यंत्रणेच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते १९८३ मध्ये मंजूर झाले. ही यंत्रणा कार्यालयाच्या खाजगी दूरध्वनी केंद्रास जोडलेली असे आणि ई-मेलशी तिचा संबंध नसे.

ई-मेलशी सांधा : आरंभीचे ई-मेल केवळ साध्या मजकुरापुरते होते. पत्रास ध्वनी, चित्रे इ. जोडण्याची ‘माइम’ ही प्रमाणपद्धती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या उत्पादकांच्या ध्वनिसंदेश यंत्रणांना इंटरनेटवरील ई-मेलद्वारे देवघेव करता यावी, म्हणून तिच्या आधारे १९९६ मध्ये आणखी एक प्रमाणपद्धती ठरविण्यात आली. त्यानंतर आखणीचे दोन मार्ग रूढ झाले. पहिल्यात सर्व संदेश ई-मेल सर्व्हरच्या एकाच भांडारात राहतात. दुसऱ्यात ध्वनिसंदेशांचे भांडार वेगळे राहते व वापरणाऱ्यास दोन्ही भांडारे एकत्र दाखविली जातात. पहिल्यात शोध व व्यवस्थापन सुलभ होते; परंतु ई-मेल सर्व्हर बंद पडल्यास निरोपही अडकतात, म्हणून ते तात्पुरते अन्यत्र धरून ठेवण्याची सोय करावी लागते. दुसऱ्यात हा धोका कमी असतो. मात्र संगणकावर ऐकलेल्या निरोपाची नोंद दूरध्वनी यंत्रणेत न पोहोचल्यास दूरध्वनीवरील सूचक दिवा पेटलेलाच राहतो.

आखणीतील हिशेब : दूरध्वनीच्या प्रमाणित अंकीय पद्धतीत सेकंदास ६४,००० बिट लागतात, म्हणजे एका मिनिटाच्या निरोपास ४,८०,००० बाइट. १,००० कर्मचाऱ्यांचे प्रत्येकी २० मिनिटांचे निरोप साठविल्यास ९.६ अब्ज बाइट होतात. १९९६ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हरच्या पहिल्या आवृत्तीत संदेशभांडाराची कमाल मर्यादा १६ गिगाबाइट होती. तिचा निम्म्याहून अधिक भाग निरोपांनीच व्यापला गेला असता. सेकंदास १३,००० बिटांची संक्षेपपद्धती वापरल्यास हाच साठा सु. १.९५ अब्ज बाइटांवर येतो, मात्र आवाजाची गुणवत्ता उतरते. एकाच वेळी किती निरोप नोंदविता वा ऐकता यावेत, हे आग्नर क्रारूप एर्लांग या डॅनिश गणितज्ञांच्या १९१७ मधील सूत्राने ठरविता येते. गर्दीच्या तासात प्रत्येकी २ मिनिटांचे ३०० कॉल आले, तर सरासरी १० मार्ग व्यापलेले राहतात; परंतु शंभरात एकाहून अधिक कॉल परत जाऊ नयेत, यासाठी १८ मार्ग ठेवावे लागतात. केवळ सरासरी पाहून आखलेली यंत्रणा म्हणूनच गर्दीत अपुरी पडते.

उत्तरकाल व परिणाम : एक्स्चेंजच्या २००७ च्या आवृत्तीत ध्वनिसंदेशांची सोय सर्व्हरमध्येच अंतर्भूत झाली व २०१० च्या आवृत्तीत निरोपाचे लिखित रूपांतरही मिळू लागले. भांडार एक झाल्याने निरोपांचे स्वरूपही पालटले. पूर्वी ऐकून पुसून टाकले जाणारे बोलणे आता पत्रांप्रमाणे पुढे पाठविता येऊ लागले, सर्व्हरच्या राखीव प्रतींत टिकू लागले. अमेरिकेतील दिवाणी प्रक्रियेच्या नियमांत १ डिसेंबर २००६ पासून इलेक्ट्रॉनीय नोंदींचा स्पष्ट समावेश झाल्यावर अशा नोंदी न्यायालयीन कामात मागविल्या जाण्याची शक्यता आखणीच्या वेळीच विचारात घेणे अगत्याचे ठरले. निरोप किती दिवस ठेवावा, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न त्यामुळे कायद्याचा व बोलणाऱ्याच्या खाजगीपणाचाही बनला.

पुढे भ्रमणध्वनी व लिखित संदेशांच्या प्रसाराने तोंडी निरोपांचे महत्त्व घटले. कोका-कोला कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये अटलांटा येथील मुख्यालयातील ध्वनिसंदेश सेवा मोठ्या प्रमाणावर बंद केली. २०१८ मध्ये आलेल्या एक्स्चेंजच्या आवृत्तीतून ही सोय वगळण्यात आली व तिचे काम दूरस्थ संगणकीय सेवांकडे गेले. भांडार कार्यालयाबाहेर गेले, तरी त्याच्या जतनाची जबाबदारी निश्चित करण्याची गरज मात्र कायम राहिली आहे.