चकतीच्या सरहद्दी

मेळघाटातील धारणीसारख्या तहसिलीच्या गावी सातबाऱ्याचे दफ्तर संगणकात गेले, तेव्हा शेतांच्या गटांसमवेत हार्ड डिस्कच्या विभागांची जमाबंदीही तेथे अलक्षितपणे पोहोचली. तिचा मूळ दाखला १९८३चा: आयबीएमच्या पीसी-एक्सटीबरोबर आलेल्या डॉस २.०ने डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत प्रारंभाची आज्ञावली आणि केवळ चार विभागांची नोंद बसविली. पुढे एकाच यंत्रात दोन-तीन डिस्क नांदू लागल्या, विंडोजची स्थापना एकीवर आणि तिची प्रारंभ-नोंद दुसरीवर होऊ लागली, आणि जुनी डिस्क काढताच सर्वथा निर्दोष यंत्रही सुरू होईनासे झाले. पुढे जीपीटी या नव्या विभाग-नोंदीच्या पद्धतीने विभागांची मर्यादा सामान्यतः १२८वर नेली, तरी ही आपत्ती टळली नाही. म्हणून वाचकांनी नवी स्थापना करताना इतर डिस्कच्या तारा आधी सोडवून ठेवाव्यात.